एकवीस युनिट पाणी

"अरे, हे तर चालतंय!" फिटर आतून ओरडला.

मी दाराशी उकिडवा बसून पाण्याचा मीटर सोडवत होतो. आत गेलो तर फिटर भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा. त्याने सहज गंमत म्हणून चावी दिली होती आणि लंबक हलायला लागला होता. घरभर बोटभर धूळ. ताटात वाळून दगड झालेलं काहीतरी, अर्धवट विणलेला स्वेटर, खाटेखाली एकच चप्पल. माणसं जशी उठली तशी गेली होती. घड्याळाला मात्र सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'काम झाले.'

ते अक्षर मी ओळखलं.

"दाजींचं आहे," मी म्हणालो.

"ते पळून गेलेले?" फिटरने विचारलं. पळून गेलेले, हे त्याला मीच सांगितलं होतं.

हे गाव तीन वर्षांपूर्वी एका दिवसात रिकामं झालं. खालच्या जुन्या खाणीमुळे जमीन खचायला लागली. बाजाराच्या टोकाची दोन घरं सकाळी होती, ती दुपारी नव्हती. संध्याकाळच्या आत सगळ्यांनी निघायचं असा हुकूम निघाला. आता बुलडोझर फिरायच्या आधी पितळी मीटर काढून आणा म्हणून ऑफिसने आम्हा दोघांना पाठवलं होतं. मी इथला मीटर रीडर. बावीस वर्षं दर महिन्याला प्रत्येकाच्या दारात वाकलेला माणूस. गावातले लोक मला तोंडावरून कमी आणि टकलावरून जास्त ओळखायचे.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, गावातले दुरुस्तीवाले. घड्याळ, स्टोव्ह, कुलूप, छत्री, शिवणयंत्र, काय वाटेल ते दुरुस्त करायचे. दिलेली तारीख त्यांनी जन्मात पाळली नाही, पण कुणाची वस्तू कधी हरवलीही नाही. त्या दिवशी ताईला ट्रकमध्ये बसवून म्हणाले, "तू हो पुढे. लोकांच्या वस्तू पडल्यात, तेवढं आवरतो आणि येतो." ते आलेच नाहीत. दोन दिवसांनी पोलिसांनी जीपमधून भोंग्यावर हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. त्याच दिवसापासून औषधाच्या दुकानातली बाईही बेपत्ता होती. मग काय, लोकांनी दोघांची सांगड घालून टाकली.

मीही घातली. लोकांपेक्षा जरा जास्तच. "विसर त्याला," असं मी ताईला तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्यांना पळायला वेळ कुठे असतो? लोकांच्या वस्तू पडल्यात." मी हसलो होतो.

पुढच्या घरात स्टोव्ह होता. चकचकीत केलेला, 'काम झाले.' त्याच्या पुढच्या घरात छत्री, नव्या काड्या घातलेली. मग एक कुलूप, आपल्याच किल्लीसह. घाईत निम्म्या लोकांनी दारं नुसती ओढून घेतली होती, त्यामुळे आत जायला अडचण नव्हती. ज्याची वस्तू, त्याच्या घरात, त्याच्या टेबलावर. सातव्या घरात फिटरने पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

"गाव रिकामं झाल्यावर वाटलंय हे," तो म्हणाला.

मी ताईच्या घराकडे जवळजवळ पळत गेलो. आधी आत नाही गेलो. सवयीने दारात वाकलो, मीटरची काच थुंकी लावून पुसली आणि वही काढली.

गाव सुटायच्या चार दिवस आधी मी शेवटचं रीडिंग घेतलं होतं. सकाळपासून काढलेले मीटर त्या रीडिंगपासून फार तर एका युनिटाने पुढे होते. ताईचा मीटर एकवीस युनिट पुढे गेला होता. एक युनिट म्हणजे हजार लिटर. एकटा माणूस, आंघोळ आणि धुणं धरून, महिन्याला तीन युनिटं वापरतो. हे हिशेब मला झोपेतही येतात. सात महिने.

सात महिने दाजी इथे राहिले होते. आणि सात महिन्यांनी या गावाचं पाणी बंद झालं होतं, हेही मला पाठ होतं. कारण ते मी बंद केलं होतं.

वर टेकडीवर टाकी आहे. झऱ्यावर आपोआप भरते आणि उतारानेच गावात येते, त्यामुळे गाव गेलं तरी पाणी येत राहिलं. साहेबांनी विचारलं, रिकाम्या गावाला रोज थोडं पाणी जातंय ते कसं? बघून या. मी वरच्या रस्त्याने जीपने टाकीपाशी गेलो. खाली गावात उतरलो नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. व्हॉल्व्हजवळ बसून डबा खाल्ला. समोर गावाकडे जाणाऱ्या पाइपावरच्या मीटरचा काटा हळूहळू फिरत होता. मी दुसरी पोळी मोडली तेव्हा तो थांबला. मी काचेवर टिचकी मारली. थोड्या वेळाने तो पुन्हा फिरायला लागला. पाइपात हवा धरली असेल, असं मी स्वतःलाच सांगितलं.

ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्या म्हाताऱ्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट घोकून घेतली होती. गळती दिवसरात्र सारखी चालते, तिला विसावा नसतो. काटा मध्येच थांबला तर समज, दुसऱ्या टोकाला नळ फिरवणारा हात आहे. पुढे मीही नव्या पोरांना हेच शिकवत आलो. त्या दिवशी वहीत 'गळती' असं लिहिलं, व्हॉल्व्ह फिरवला, वर कुलूप घातलं आणि डबा धुऊन घरी आलो.

"काय झालं रे?" फिटरने खांद्यावर हात ठेवला. मी वही त्याच्यापुढे धरली.

घरात लोकांची एकही वस्तू उरली नव्हती. खिळ्यांना मोकळ्या सुतळ्या लटकत होत्या. खिडकीखाली परात, पातेली, डबे ओळीने मांडलेले, सगळे कोरडे. मधोमध ताईचं शिवणयंत्र. ते चार वर्षं बिघडून पडलं होतं, कारण घरचं काम नेहमी सगळ्यात शेवटी. आता त्याला तेल दिलेलं होतं, नवा पट्टा बसवलेला होता. सुईखाली जुन्या चादरीचा तुकडा आणि त्यावर एक सरळ टीप. पुठ्ठा होता. 'काम झाले. आता निघतो.'

"मग निघाले असतील की," फिटर म्हणाला. "असतील कुठेतरी."

मोरीत बादल्या नव्हत्या. परसदारातून टाकीकडे जाणारी पायवाट होती, तिने आम्ही चढायला लागलो. अर्ध्या वाटेवर पायवाट संपली. पुढे खड्डा होता, घराएवढा. काठावरच्या झुडपात बादली अडकली होती, आडवी. तिच्या कडीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. कडी हाताला कापू नये म्हणून दाजी तशी तार गुंडाळायचे, गावात दुसरं कुणी नाही. निघायच्या आधी पाण्याचं काय झालं ते बघायला माणूस वर जात होता. फिटरने पोटावर झोपून खाली पाहिलं आणि नुसती मान हलवली.

मला रडू आलं. फिटरने ते पाहिलं आणि पाठ फिरवून उभा राहिला.

यंत्र आणि बादली घेऊन मी संध्याकाळी ताईच्या खोलीवर गेलो. तिने नेहमीसारखा पाण्याचा पेला भरून माझ्यासमोर ठेवला, मग यंत्र पाहिलं, पुठ्ठा वाचला. पदराने चाक पुसलं आणि एकदा फिरवून बघितलं. जराही आवाज आला नाही.

मी सगळं सांगितलं, सगळं म्हणजे घड्याळ, स्टोव्ह, छत्री, सात महिने, खड्डा.

"सात महिने?" ती म्हणाली. "आणि मला एक निरोप नाही?"

"बाहेर आले असते तर परत आत सोडलं नसतं ना, ताई."

"हो. आणि लोकांच्या वस्तू पडल्या असत्या." ती रडली नाही. बादलीच्या कडीवरच्या तारेवरून तिने बोट फिरवलं. "तू म्हणायचास, बाईबरोबर पळाले."

"चुकलो मी."

"यंत्र झालं होतं, निघणारच होते, मग वर कशाला गेले?"

"पाणी बंद झालं होतं."

"रिकाम्या गावाचं पाणी कुणाच्या डोळ्यांत खुपलं? कुणी बंद केलं?"

खोटं बोलता आलं असतं. ऑफिसने, असं म्हणता आलं असतं, आणि ते अगदी खोटंही नव्हतं.

"मी," मी म्हणालो. "काटा थांबलेला पाहिला होता, ताई. पाहून बंद केलं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उठली. माझ्यासमोरचा पेला मी अजून तोंडाला लावला नव्हता. तिने तो उचलला, कळशीवरचं झाकण काढलं आणि पाणी सावकाश परत आत ओतलं. थेंबही सांडू दिला नाही. मग झाकण ठेवून ती यंत्राशी जाऊन बसली.