अधिकाचा महिना

पद्मावतीबाईंना समजवायचं म्हणजे दगडावर पाणी ओतायचं. क्षमाने तरी किती ओतावं? दिवस भरत आलेले, पाय सुजून टम्म झालेले, आणि आई पलंगावर लोकरी मोजे मांडून बसलेली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बाई मंगोलियात घोड्यावर बसायला निघाली होती. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, नकाशावर छडी टेकवून पोरांना गवताळ प्रदेश दाखवला. आता तो डोळ्यांनी बघायचा होता. बघावा की! पण लेक पहिल्या बाळंतपणाला बसवनगुडीत माहेरी आलेली असताना?

"आई, डॉक्टरांनी दहा जुलै सांगितलीय. तू येणार वीसला."

"डॉक्टरांना काय कळतंय! तुला आश्विनात दिवस राहिले. तिथून मोज, नववा आषाढ. आषाढ लागतोय तोवर मी घरात."

"आणि मधला अधिक ज्येष्ठ कुठे गेला?"

"मलमास कुणी मोजतं का? त्यात मुंज नाही, लग्न नाही."

"मुंज थांबते गं! पोटातलं पोर थांबतं का?"

क्षमाचे वडील नरसिंहराव पेपरात तोंड खुपसून बसले होते.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा!"

"सांगून बघितलं. म्हणाली, तुमचा डबा लावून जाते."

मग क्षमाने शेवटचं अस्त्र काढलं. "ठीक आहे. मी चामराजपेटेला जाते. पहिलं बाळंतपण सासरी! लोक काय बोलतील ते तू ऐकून घे."

दुसरी कुठलीही आई इथे विरघळली असती.

"सरी, चालेल!" पद्मावतीबाई म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंना हौस आहेच. माझी टॅक्सी तिकडूनच विमानतळाला जाईल, सोडते तुला. फक्त मोठी बॅग नेऊ नकोस, मला लागेल."

रविवारी क्षमा कापडी पिशवीत कपडे कोंबून टॅक्सीत बसली. वाटभर आई घोडीच्या दुधाबद्दल बोलत होती. चामराजपेटेत सासूबाई, श्रीविद्याबाई, दारातच उभ्या होत्या.

"आत या, स्वल्प कॉफी तरी घ्या."

"नको हो, विमान चुकेल." पद्मावतीबाईंनी खिडकीतून हात हलवला. "क्षमे, मी येईपर्यंत थांब हं!"

"मला काय सांगतेस? त्याला सांग!" क्षमा पोटावर हात ठेवून ओरडली. तोवर टॅक्सी कोपऱ्यावर वळलीसुद्धा. डोळ्यांत पाणी आलं ते रागाने की कशाने, तिचं तिलाच कळेना.

श्रीविद्याबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "तारीख कधीची गं?"

"दहा जुलै. डॉक्टरांनी दिलेली."

"मग दहाच धरू," त्या म्हणाल्या. "चपला काढ आणि पाय वर घेऊन बस आधी."