घाटात उभी असलेली गाडी

लॅपटॉपच्या पंख्याची घरघर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी कसला आवाज म्हणून विचारलं, तेव्हा इंद्रायणीच्या आईने, पद्मजाबाईंनी, विषय बदलला होता.

आज सकाळपासून तो पंखा मधूनच थांबू लागला. इंद्रायणीने लॅपटॉपवरची गोधडी बाजूला केली, तर खालच्या बाजूचा हाताला चटका बसला. श्रावणात तुंगार्लीच्या त्या घरात भिंतींनासुद्धा बुरशी धरते. ओल लागू नये म्हणून आईने तो खालून-वरून लपेटून ठेवला होता. पडद्याच्या कोपऱ्यात इशारा लुकलुकत होता. फार तापलाय, कधीही बंद पडेल.

पडद्यावर मालगाडी उभी होती. मंकी हिलला, धुक्यात. केशवरावांनी, म्हणजे इंद्रायणीच्या बाबांनी, थांबवलेली.

नोकरीभर त्यांनी बोरघाटातून गाड्या चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर तोच घाट लॅपटॉपवरच्या या खेळात. गाडी कर्जतला पोचली तरच फेरी जमा व्हायची; मधे बंद केलं की सगळं गेलं. त्या दुपारी आईने चहाला हाक मारली. "आलो, गाडी उभी करून," ते म्हणाले. आणि खरंच उभी करून आले. चहा मात्र अर्धाच झाला.

"आई, पंखा बंद पडत चाललाय याचा. मी गाडी खाली नेते."

"काही नको. उभी आहे ती उभी राहू दे."

"उभी नाही राहणार गं. विझेल."

"आणि तू नेणार? तुला आपल्या उतारावर स्कूटी आवरत नाही."

आई उठून आत गेली. रागावली, असं इंद्रायणीला वाटलं. पण आई पापड भाजायची जाळी घेऊन आली.

"याच्यावर ठेव. याच्यावरच ठेवायचे ते. पापडाला मी दुसरी आणली शेवटी."

वायर न ओढता दोघींनी लॅपटॉप जाळीवर ठेवला. बॅटरी केव्हाच गेली होती. वायर निसटली असती तर तिथेच संपलं असतं. इंद्रायणीने ब्रेक सोडले. गाडी सरकली, आणि लगेच चित्र अडखळायला लागलं. डोंगर जागचा हलेना, मग एकदम उडी मारून पुढे यायचा. ब्रेकची कळ दाबली तरी वेगाचा काटा खाली यायला वेळ लागत होता.

तिने खेळ क्षणभर थांबवला. धुकं काढलं, पाऊस काढला, झाडं काढली.

"झाडं कुठं गेली?"

"काढली. त्यांनीच तापतोय."

"धुकं पण?"

"धुकं पण."

पुढे उघडा तपकिरी डोंगर आणि रूळ, एवढंच उरलं. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सूप आणलं आणि लॅपटॉपच्या कडेला वारा घालू लागली.

चित्र आता सरळ चालत होतं, पण वेग वाढत होता. पुढे ठाकूरवाडी. तिथे थांबलं नाही तर रुळांचा सांधा बदलत नाही आणि गाडी बाजूच्या चढाच्या रुळावर जाते. न आवरलेल्या गाड्यांसाठीच तो रूळ आहे. तिथे गेली की फेरी बाद.

"गप्प का बसलीस?" आई म्हणाली. "पुकार ना! न पुकारता घाटात गाडी चालवतात का?"

इंद्रायणीला लहानपणापासूनचा तो आवाज आठवला. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा आणि शेजारच्या साहाय्यकाने तोच परत म्हणायचा. बाबा या खोलीतून म्हणायचे. पोळ्या लाटता लाटता आई आतून उत्तर द्यायची.

"पिवळा," ती पुटपुटली.

"ऐकू येत नाही."

"पिवळा!"

"पिवळा!" आई म्हणाली. "आता लाव ब्रेक. आताच. बोगद्याच्या तोंडाशीच लावायचे ते, लाल दिसायची वाट नाही बघायचे."

तिने कळ दाबून धरली. पंख्याने घरघर केली आणि तो थांबला. पुन्हा सुरू झालाच नाही. सूप जोरात हलू लागलं. काटा उतरत होता, पण फार हळू.

"लाल!"

"लाल!"

गाडी सिग्नलच्या अलीकडे थांबली. जळकट वास येत होता. इंद्रायणीचा हात पुढची कळ शोधू लागला, तशी आई म्हणाली, "थांब. सिग्नल मिळू दे." दोघी थांबल्या. आईच्या मनगटात बांगड्या नसल्याने सुपाचा तेवढा आवाज येत होता.

"हिरवा."

"हिरवा. सोड."

कर्जतच्या फलाटापर्यंत त्या पुकारत गेल्या. शेवटी चित्र पुन्हा तुटू लागलं. फलाट तुकड्या-तुकड्यांनी जवळ आला. "लाल!" "लाल!" काटा शून्यावर टेकला आणि पडदा काळा झाला.

"पोचली का?" आईने विचारलं.

"पोचली. फेरी धरली की नाही, कळलं नाही."

"कोणाला दाखवायचीय?"

आईने सूप भिंतीला टेकवलं. गोधडी दोरीवर टाकते म्हणून उचलली. ती अजून गरम होती. आई ती मांडीवर घेऊन तिथेच बसली.