माझ्याकडे दार उशिरा उघडायचे

मित्रांनो, कपडे दुरुस्त करून देणाऱ्या एका छोट्या दुकानात, मागच्या खोलीत, चिंध्यांच्या गाठोड्याखाली जो जुना लॅपटॉप पडला आहे ना, तो मीच. माझा पडदा काळा पडला आहे आणि झाकण एका बाजूने लोंबते. तरी मला कमी लेखू नका. मीही चांगले दिवस पाहिले आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी भावंडे कुणी बँकेत गेली, कुणी कॉलेजात. मी आलो परदेशात दुकान थाटलेल्या एका शिंपीणबाईकडे. गिऱ्हाइकांची मापे साठवायला म्हणून तिच्या नवऱ्याने मला घेतले होते. बाईने मला इस्त्रीच्या टेबलाशेजारी मांडले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्यावर मायदेशातली मालिका लावली. मापे बिचारी वहीतच राहिली.

मायदेशी तिची आई एकटी राहत होती. तिकडे संध्याकाळ झाली की इकडे दुपार असे. मालिका सुरू होताच फोन लागायचा आणि मायलेकी आपापल्या ठिकाणी बसून एकच मालिका बघायच्या. अडचण एवढीच की चित्र आईच्या टीव्हीवर आधी दिसायचे. इंटरनेटवरून माझ्यापर्यंत पोचायला त्याला सुईत दोरा ओवून होईल इतका उशीर लागायचा, आणि आईच्या पोटात तर काही राहत नसे.

“अगं, धाकटा परत आला की गं.”

“आई, सांगू नकोस ना. माझ्याकडे अजून दारसुद्धा उघडलं नाहीये.”

नवरा इस्त्री फिरवता फिरवता हसायचा. “तुझ्या आईला बातम्या द्यायला बसवायला हवं.”

मालिकेतल्या थोरल्या सुनेला आईने ‘फणकारा’ असे नाव ठेवले होते. फणकाऱ्याच्या साडीपासून ब्लाउजच्या पाठीपर्यंत सगळ्याची चिरफाड व्हायची. मला तर मालिकेपेक्षा ती चिरफाडच जास्त आवडायची.

मग हळूहळू आई आधी काही सांगेनाशी झाली. उलट मध्येच विचारी, “कोण आलं गं?” बाईला वाटे, आई थट्टा करते आहे. “सुधारली बाई एकदाची,” असे ती नवऱ्याला कौतुकाने म्हणाली. आई साड्यांबद्दलही बोलत नाही, हे तिच्या ध्यानात आले नाही. माझ्या आले होते, पण मला कोण विचारतो?

एके दुपारी बाई एका पॅन्टची शिवण उसवत होती. माझ्या पडद्यावर फणकारा पाय न वाजवता सासूच्या खोलीत शिरली, उशीखालची किल्ली काढली आणि कपाट उघडले. कुणी अवाक्षर बोलत नव्हते, नुसते संगीत वाजत होते. या प्रसंगाची दोघी कधीपासून वाट बघत होत्या. आईकडे तर तो केव्हाच दिसून गेला असणार. बाई टाचणी दातांत धरून तिच्या बोलण्याची वाट बघू लागली.

फोनमधून आई शांतपणे म्हणाली, “जाहिराती फार वाढल्यात हल्ली.”

बाईने दातांतली टाचणी काढून ठेवली. “आई, जाहिरात नाहीये ही. तुला दिसत नाहीये का?”

मग आईने सगळे सांगितले. तिच्या डोळ्यांच्या आतला पडदा खराब झाला होता. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. गेलेली नजर परत यायची नाही, असे डॉक्टर म्हणाले होते.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू मालिका बंद केली असतीस. मग रोज नुसतं औषध घेतलं का, जेवलीस का. तेवढीच एक वेळ तू माझ्याशी भांडतेस गं.”

बाई खूप रडली. मलाही फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवसापासून ती आईला चित्र सांगू लागली. पण तिकडे रडणे ऐकू आले की आई विचारायची, “कोण रडतंय?” आणि माझ्याकडे अजून सगळे हसतच असायचे. सांगणारीच मागे राहायची. शेवटी नवऱ्यालाच सुचले. “आईंना त्यांचा टीव्ही बंद करायला सांग. फोन याला टेकवून ठेव.”

आईने टीव्ही बंद केला. फोन माझ्या स्पीकरला टेकला आणि दोघींकडे दार एकाच वेळी उघडू लागले. माझ्या आयुष्यातला तोच सर्वांत मानाचा काळ.

“साडी मोरपंखी, काठ बोटभर. ब्लाउजला खांद्यावर चुण्या पडल्यात,” बाई सांगायची. आईला बरे वाटावे म्हणून कधी फणकाऱ्याला मुद्दाम गबाळी करायची.

“एवढं वाईट कुणी नेसत नाही. खरं सांग.”

“बरं, छान दिसतेय.”

“दिसणारच. मेली देखणी आहे.”

पुढे मी थकलो. पडदा गेला, नवे यंत्र आले आणि मी या गाठोड्याखाली आलो. माझ्यावरची धूळ कुणी पुसत नाही, याचे वाईट वाटते. जुन्या वस्तूंना अधूनमधून फडके लावत जा, मित्रांनो, एवढे तर मी मागणारच.

पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. काल दुपारी मी पडल्या पडल्या ऐकत होतो. फोनमधून आईने विचारले, “आता काय करतेय गं फणकारा?” बाईने मशीन थांबवले, नीट बघितले आणि म्हणाली, “दारात उभी आहे. आत यावं की नाही, तिचं ठरत नाहीये.” आणि या काळोखात मलाही ती दारात उभी दिसली. तुम्हाला कधी कुणी असे विचारले, तर सांगण्याआधी हातातले काम थांबवून नीट बघा.