बसायची सुट्टी

प्रश्न १. आपण धूम्रपान करता का? (हो / नाही)

"नाही वर खूण कर," धाकटी म्हणाली.

"बावीस वर्षं ओढतेय."

"ताई, सोडून सहा महिने झाले म्हण. सहा महिने झालेल्यांना यादीत घेतात, बाकीच्यांना घरी पाठवतात. यात अवघड काय आहे?"

मी हो वर खूण केली. धाकटीने एवढा मोठा उसासा सोडला, की शेजारच्या म्हाताऱ्याने चष्मा वर करून आमच्याकडे पाहिलं.

यादी म्हणजे ऑपरेशनची यादी. माझ्या उजव्या मांडीतली रक्तवाहिनी बुजत आली आहे. शंभर पावलं टाकली की पोटरी पिळून निघते. अंगठ्यावरची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही, आता तिच्या कडा काळ्या पडायला लागल्यात. रक्तवाहिनी मोकळी केली तर पाय राहील. सहा महिने थांबलं तर काय राहील, हे कोणी तोंडाने सांगत नाही. सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन होतं, पण यंदापासून आधी हा अर्ज भरायचा. जीवनशैलीचा अर्ज.

प्रश्न २. रोज किती?

सात. लग्नाकार्यात आठ.

प्रश्न ३. पालेभाज्या आठवड्यातून किती वेळा?

"इथे तरी बढाई मार," धाकटी म्हणाली. मी दोन लिहिलं. तिने माझ्या हातातलं पेन ओढून दोनाचे पाच केले. भाजीच्या बाबतीत मी भांडले नाही.

प्रश्न ४. व्यायाम: चालणे / पोहणे / सायकल / इतर

इतर. ओल्या चादरींनी भरलेली ट्रॉली ढकलणे. दिवसाला चाळीस.

प्रश्न ५. सवयीची सुरुवात: अ) मित्रमैत्रिणींचा आग्रह ब) कुतूहल क) मानसिक ताण ड) घरातील वातावरण

यात माझं उत्तर नव्हतं. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा. मी धाकटीच्या पर्समधून किराण्याच्या यादीचा कागद काढला आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं.

स्वतंत्र कागद

मी याच दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला आहे. तळघरात. तुमच्या सगळ्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे माझ्या हाताखालून जातात.

धुलाईखान्यात खुर्ची नाही. कामाची पाळी सुरू झाली की आठ तास उभं. जेवणाची अर्धा तास सुट्टी, तीही अर्धी रांगेत जाते. पण सिगारेट ओढणाऱ्यांना दोनदा दहा मिनिटं बाहेर सोडतात, कारण आत सुती कपडा असतो आणि आगीची भीती. बाहेर भिंतीला लागून एक बाक आहे. नियम तुमचाच आहे, दारावर चिकटवलाय.

पहिल्या आठवड्यात मी नुसतीच त्या बाकावर जाऊन बसले. मुकादम आला. म्हणाला, हातात काही नाही आणि बसलीस कशी? चल आत. दुसऱ्या दिवशी घड्या घालणाऱ्या लंबूने मला तिची एक सिगारेट दिली. मी ती न पेटवता धरून बसले. मुकादम म्हणाला, पेटव की, शोभेची आहे का? मग पेटवून नुसती धरायला लागले. महिनाभर धरली. हाताला वास, तोंडाला काही नाही. मग एक दिवस वाटलं, जळतेच आहे तर वाया कशाला घालवायची.

मूर्खपणाच तो, मान्य. पण तळघरात आम्ही नऊजणी होतो आणि त्यातल्या सात असंच बसायला शिकल्या.

*

सल्लागार बाईंनी टेबलापलीकडून कागद दोनदा वाचला. एकदा माझ्या बाजूने, एकदा किराण्याच्या बाजूने.

"ताई, तुमचं दुःख कळतं मला. पण उभं राहिल्याने रक्तवाहिनी अशी बुजत नाही. ती सिगारेटनेच बुजते."

"आणि सिगारेट कशाने येते?"

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असं बघा. ऑपरेशनची तारीख एकच आहे. एकीकडे तुम्ही, दुसरीकडे ज्याने आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही असा माणूस. कोणाला द्यायची?"

"ज्याचा पाय आधी जाईल त्याला."

"एवढं सोपं नसतं हो ते."

"त्याचा आधी जात असेल तर त्याला द्या. मी थांबते, तक्रार करणार नाही. पण मला थांबवताय ते त्याचा पाय बघून नाही, माझे दोष मोजून. डोंगरावरून कोसळलेले येतात, मोटरसायकल उडवून आलेले येतात. त्यांच्या चादरी मी धुते ना. त्यांना विचारता का, कुठे कडमडायला गेला होतात?"

धाकटीने टेबलाखालून माझ्या पायाला चिमटा काढला. दुखऱ्याच पायाला. मी कळवळले तशी ती म्हणाली, "बघा बाई, किती दुखतं तिला."

सल्लागार बाईंना हसू आलं, ते त्यांनी फायलीत घातलं. मग शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. "एक मार्ग आहे. या प्रतिज्ञापत्रावर सही करा. मी तात्पुरता क्रमांक देते."

मी जाहीर करते की माझा आजार माझ्या स्वतःच्या निवडीचा परिणाम आहे व उपचारास होणाऱ्या विलंबाची जबाबदारी माझी राहील.

"कर ना," धाकटी कुजबुजली. "सहीच तर आहे. पाय गेल्यावर ताठा कशावर उभा करणार आहेस?"

ती माझ्याच भल्याचं बोलत होती. मी पेन घेतलं, 'मी जाहीर करते की' एवढं ठेवलं, पुढच्या सगळ्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: माझा पाय दुखतो. मग खाली सही केली.

"अहो, खोडलेला अर्ज मशीन घेत नाही!"

"मग माणसाला वाचावा लागेल."

त्यांनी फोन उचलला. खोडलेल्या अर्जासाठी डॉक्टरांना बोलवायची पद्धत आहे, असं त्या फोनवर दोनदा म्हणाल्या. बहुधा हा पहिलाच खोडलेला अर्ज होता.

डॉक्टर आले ते जेवण अर्धं टाकून आल्यासारखे. उभ्याउभ्याच अर्ज चाळला. "सिगारेट सोडणार आहात की नाही?"

"ते माझं मी बघेन, डॉक्टर. तुम्ही पाय बघा."

धाकटीने डोळे मिटून घेतले. डॉक्टर खाली बसले आणि माझा मोजा उतरवला. सकाळपासून या इमारतीत माझ्या पायाला हात लावणारे ते पहिलेच. घोट्यामागे बोट ठेवलं. पावलावर ठेवलं. नाडी शोधत बराच वेळ ठेवलं. अंगठ्याच्या कडा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मंगळवारी भरती व्हा," ते म्हणाले. "आदल्या रात्रीपासून उपाशी राहा."

"सर, पण मशीन..." सल्लागार बाई म्हणाल्या.

"हाताने लिहा."

ते उठले. दारापाशी जाऊन वळले. आवाज कडक होता. "एक सांगतो. ओढत राहिलात तर ही पुन्हा बुजेल."

"बुजली तर पुन्हा येईन," मी म्हटलं आणि मोजा चढवायला वाकले.