माश्या बांधणाऱ्या शेगड्याची कैफियत

मी एक जुना शेगडा आहे. सुतार आणि लोहार हातातली वस्तू हलू नये म्हणून ती टेबलाला बसवलेल्या लोखंडी जबड्यात धरतात ना, तोच शेगडा. मी मात्र तळहाताएवढाच आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत, असं तुम्ही वाचलं असेल. मी तसा नाही. माझा दोन माणसांवर राग आहे आणि इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही.

माझा जन्म १९९७ साली जुन्नरला, एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. माझी मालकीण रत्ना पिशवीत दोन वस्तू घेऊन आली होती. एक होती मूठ तुटलेली पक्कड. दुसरा होता शेवयांच्या मशिनचा पाय, म्हणजे मशीन पाटाला आवळायचा स्क्रूचा भाग. ते मशीन तिच्या रुखवतातलं. दांडा मोडल्यापासून माळ्यावर धूळ खात होतं.

दुकानदार कुंडलिक दोन्ही वस्तू उलटसुलट करून बघत म्हणाला, "ह्याचं काय करायचं, ताई?"

"जोडा. पकडीचं तोंड वर, पाय खाली. आन् तोंड आवळायला येक नट द्या."

"पर कशापायी?"

"माश्या बांधायच्यात."

कुंडलिकाने मान वर केली. "माश्या मारत्यात, ताई. बांधत न्हाईत."

रत्ना मोठ्याने हसली. मग तिने त्याला समजावून सांगितलं, ते मीही तेव्हाच ऐकलं. गळाच्या काट्यावर पिसं, केस आणि दोरा असा गुंडाळायचा की तो पाण्यावर पडलेल्या किड्यासारखा दिसला पाहिजे. मासा फसतो आणि तोंड घालतो. गांडूळ लागत नाही, की पीठ लागत नाही. या खोट्या किड्याला म्हणायचं माशी. रत्नाचे वडील गेणभाऊ पुण्यात एका निवृत्त साहेबांकडे स्वयंपाकी होते. साहेबांना मासेमारीचं वेड. म्हातारपणी त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा आउटहाउसमध्ये राहणारी ही बारा वर्षांची पोर त्यांच्या माश्या बांधू लागली. साहेबांकडे परदेशातून आलेली पिसं होती. लहानशा पाकिटाला एवढे पैसे पडत की साहेब एकेक पीस जपून वापरत.

पुढे साहेब गेले. रत्नाचं लग्न घाटघरच्या अलीकडच्या एका वाडीत झालं, भिमाजीशी. तिथे कसली आली परदेशी पिसं! पण साहेबांचे एक डॉक्टर मित्र दर हिवाळ्यात माणिकडोह धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायला येत. त्यांनी रत्नाला ओळखलं आणि म्हणाले, "मला माश्या बांधून देशील का? विकतच्या परवडत नाहीत गं."

तेवढ्यावर रत्नाने घर धुंडाळायला सुरुवात केली.

मी तिच्या खिडकीतल्या फळीला आवळून बसलो आणि माझे कामाचे दिवस सुरू झाले. माझ्या जबड्यात काटा, रत्नाच्या हातात दोरा. कोंबड्याच्या मानेचं पीस ती काट्याभोवती गुंडाळायची, की त्याचे तंतू किड्याच्या पायांसारखे उभे राहायचे. जुन्या टेपरेकॉर्डरने चघळलेल्या कॅसेटची फीत तिने उकिरड्यावरून उचलली. ती ओली झाली की हुबेहूब किड्याचं पोट दिसायची. उसवलेल्या स्वेटरची लोकर, राखीची चमकी, फाटक्या जरीच्या काठातली तार, असं काही ना काही रोज माझ्यापुढे यायचं. तुटलेल्या स्लिपरचा रबर कापून तिने एक भुंगा केला, तो बुडतच नव्हता. गाठ पक्की करायला नेलपॉलिशचा एक थेंब. सगळं सामान एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायचं.

शेपटीसाठी मात्र तिला राठ, काळे केस हवे होते. ते भिमाजीने आणून दिले. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. त्याने स्वतः अंगणात काळ्या शेळीला गुडघ्यांत धरलं, कातरीने तिच्या शेपटीचे केस कापले आणि हसत हसत रत्नाच्या ओंजळीत घातले.

"घे. घाल हिची येणी," तो म्हणाला.

रत्नाने त्या केसांच्या लहान लहान जुड्या केल्या आणि विस्कटू नयेत म्हणून लाल दोऱ्याने बांधल्या.

डॉक्टर पुढच्या हिवाळ्यात आले. त्यांनी एक माशी उन्हात धरली. "हे पीस कुठून मागवलंस?"

"कोंबड्याच्या मानंवरनं, डॉक्टर. काल पळाला, आज घावला."

त्या माशीवर त्यांना दुपारपर्यंत तीन खडस मासे मिळाले. ते पुण्याला जाऊन सांगत सुटले. चार वर्षं मी फार मानाने राहिलो. माझ्या जबड्यातून काटा कधी निसटला नाही. मी कुंडलिकाचं ओबडधोबड लोखंड असेन, पण रत्ना काम संपलं की मला फडक्याने पुसायची आणि खोबरेल तेलाचं बोट लावायची.

घरात एका माणसाला हे बघवत नव्हतं. ती म्हणजे भिमाजीच्या थोरल्या भावाची बायको, कोंडाबाई. येता-जाता ती माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायची. "रुखवताचं मशीन मोडून लोखंडी कुत्रं बांधलंय खिडकीला," म्हणायची. "घरात ना पोर, ना बाळ. पिसं आन् केस घेऊन बसती दिवसभर." रत्ना उत्तर द्यायची नाही. खरं सांगतो, मला तेव्हाही वाटायचं, द्यायला हवं होतं.

२००१ ची दिवाळी झाली आणि कोंडाबाईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण केस पुंजक्या-पुंजक्याने गळू लागले. जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाबरू नका, परत येतील. पण आरशात बघणाऱ्या बाईला ते कसं पटावं? एके सकाळी रत्ना पाण्याला गेली असताना कोंडाबाई तिच्या खोलीत शिरली. तिने पत्र्याचा डबा उघडला. आत काळ्या केसांच्या जुड्या. लाल दोऱ्याने बांधलेल्या. बाजूला पिसं, आणि ओळीने लावलेले काटे.

ती जी किंचाळली, ते पलीकडच्या आळीपर्यंत ऐकू गेलं.

अर्ध्या तासात डब्यासकट मला देवळापुढच्या पारावर नेलं. माणसं जमली होती. देवऋषी कुशाबाने काठीनेच एक जुडी वर उचलली. हात लावला नाही.

"करणी हाय," तो म्हणाला. "केस बांधल्यात. काटं टोचल्यात. अजून काय पायजे?"

रत्ना धावत आली, कमरेवरची कळशी तशीच होती. "अवो, ते शेळीचं केस हायेत! आमच्या काळ्या शेळीचं. हात लावून बघा तरी. मानसाचा केस असा राठ असतो व्हय?"

कुणीही हात पुढे केला नाही. सगळेच दोन पावलं मागे सरकले.

"कुठाय शेळी?" कुशाबाने विचारलं.

शेळी दिवाळीआधीच बाजारात विकली गेली होती.

"मग साक्षीला कोन?"

रत्नाने भिमाजीकडे बघितलं. तो थोरल्या भावाच्या बाजूला उभा होता. शेत एकत्र, चूल एकत्र, आणि भावापुढे त्याने जन्मात तोंड उघडलं नव्हतं. रत्ना थांबली. मीही थांबलो. सगळा पार थांबला होता, मित्रांनो. एक वाक्य. 'मीच कापलं ते.' तीन शब्द, त्यांत आयुष्य वाचलं असतं.

भिमाजीने मान खाली घातली.

"बघा!" कोंडाबाई ओरडली. "नवरासुदिक बोलंना! चेटकीन हाय ही. माझं केस खाल्लंन्, उद्या माझी पोरं खाईल!"

कुणीतरी रत्नाला ढकललं. कळशी पडली आणि पाणी पारावरून वाहत गेलं. बायाच बायांना म्हणत होत्या, हिला सकाळी तोंड दाखवू नका. गोवऱ्या आल्या, आगटी पेटली. कुशाबाने भिमाजीलाच सांगितलं, "तुज्या घरातली घान हाय. तूच टाक."

भिमाजीने आधी डबा टाकला. पिसं भुर्रकन जळाली, फितीचा काळा धूर झाला. मग त्याने मला उचललं. आणि मलाही आगीत टाकलं.

पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. त्याला लोहार पाणी देणं म्हणतात. त्या आगीत माझं पाणी उतरलं. मी वितळलो नाही, मोडलो नाही, पण माझा जबडा कायमचा मऊ पडला.

दुपारी पार रिकामा झाल्यावर रत्ना आली. राख अजून गरम होती. तिने हात घालून मला काढलं, पदरात बांधलं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. भिमाजी मागून आला.

"रत्ना, आगं थांब. दोन दिवस जाऊंदे. लोक इसरत्याल."

ती वळली. "शेळी गुडघ्यात धरून केस कुनी कापलं व्हतं?"

तो येणाऱ्या गाडीकडे बघू लागला.

"येवढंच बोलायचं व्हतं तुमी," ती म्हणाली आणि आलेल्या गाडीत चढली.

जुन्नरला तिने एक खोली भाड्याने घेतली. ब्लाउज शिवू लागली आणि डॉक्टरांना पत्र टाकलं. डॉक्टरांनी नवे काटे पाठवले. तिने मला पुन्हा खिडकीला आवळलं, काटा धरायला दिला. मी जीव खाऊन धरला. तरी दोऱ्याला ताण बसताच काटा निसटला आणि तिच्या बोटात घुसला. तिने रक्त चोखलं, दुसऱ्यांदा प्रयत्न केला. परत तेच. त्या दिवसाइतकी लाज मला आगीतही वाटली नव्हती.

मग चकचकीत विकतचा शेगडा आला. तो आजही तिच्या खिडकीत बसतो. मला तो आवडत नाही, पण काम चोख करतो हे कबूल करायला हवं. चिप्सच्या पुडीचा चंदेरी कागद, दात घासायच्या ब्रशचे तंतू, असल्या कशाकशाच्या माश्या रत्ना त्याच्यावर बांधते. पुण्याचे लोक टपालाने मागवतात. मी दाराशी असतो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला खाली ठेवलेलं आहे.

२००८ साली उन्हाळ्यात दारात भिमाजी उभा राहिला. केस पिकले होते. रत्नाने पाण्याचा तांब्या दिला. चहा विचारला नाही.

"घरी चल," तो म्हणाला. "कुशाबा वारला. आता कुनी काय म्हननार न्हाई."

"आक्का हाय का?" कोंडाबाईला ती आक्का म्हणायची.

"हाय की. केसबी आलं तिचं कवाच."

"मग तिच्यापुढं, त्याच पाराव उभं ऱ्हावा. म्हना, केस शेळीचं व्हतं, आन् मीच कापलं व्हतं. मग मला न्यायला या."

भिमाजीने तांब्या खाली ठेवला. "आता सात वर्सांनी? लोक हसत्याल, रत्ना."

"हसूंदे. माझं तर समदं जाळलं व्हतं त्यांनी."

तो उंबऱ्यावर बसला. त्याची नजर माझ्यावर पडली. "ह्ये अजून हाय?"

"हाय. काय धरीत न्हाई आता."

तो चारच्या गाडीने गेला. त्याला आता दोन वर्षं होतील. अजून न्यायला आलेला नाही. कोंडाबाईला त्याने सांगितलं असतं, तर वाडीवरून बाजाराला येणाऱ्या बाया बोलल्या असत्या. कुणी बोललेलं नाही. रत्नाने वाट बघणं सोडून दिलं आहे. तिने खोलीला नवा रंग दिला.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसून ठेवा, तेल लावा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. तेही करा. पण मला दुसरंच मागायचं आहे. जी वस्तू कळत नाही ती जाळण्याआधी हातात घेऊन बघा. त्या पारावर एकाने जरी ती जुडी बोटांत धरली असती, तरी पुरे होतं. आणि कधी चार माणसं तुमच्या घरच्या कुणाला घेरून उभी राहिली, आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असलं, तर मान खाली घालू नका. मी लोखंडाचा, मला बोलता येत नव्हतं. भिमाजीला येत होतं.