गावागणिक दोन नावं

"पयल्याच खेपेले ऑपरेटरच्या मायचं नाव? आमी का येडे हावो?" तिवशाचा शालिकराम खुर्ची सरकवून उभा राहिला.

रागिणीचे कान तापले. अमरावतीच्या भाजी उत्पादक कंपनीत ती कॉम्प्युटर सांभाळायची. रविवारच्या शहरी बाजारात प्रत्येक गावातल्या दोघांना सोडतीने गाळा मिळणार होता, आणि पडद्यावर तिवसा गावाखाली तिच्या आईचं, माणिकबाईचं नाव झळकत होतं. आई समोरच बसली होती, तोंडाला पदर लावून.

आजवर सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या एकाच गंजात, म्हणजे पातेल्यात, पडत. ज्या गावाच्या चिठ्ठ्या भाराभर, गाळे त्याचेच. बळी तो कान पिळी, दुसरं काय. मागे बसलेल्या म्हाताऱ्या डोमाजीच्या गावात भाजीवाले चारच, तिकडे गाळा कधी फिरकलाच नाही. म्हणून रागिणीने क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची आज्ञा, नव्याने लिहिली होती. ती आधी नावं गावागणिक वेगळी करायची, मग प्रत्येक गावातली पिसायची आणि वरची दोन उचलायची. लोक खूश होतील असं तिला वाटलं होतं. लोक कुठले खूश होतात.

"काका, सुरुवातीलेच सांगतलं ना, हे फेरी नुसती दाखवासाठी हाय," ती म्हणाली. "खऱ्या फेरीचं बटन तुमीच दाबा."

तिवशाची नावं ढीगभर. आईचं नाव पुन्हा वर येणं कठीण, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने माऊस त्याच्यापुढे सरकवला.

शालिकरामने बोट पँटला पुसलं आणि बटण दाबलं. सगळी नावं बदलली. तिवशाखाली माणिकबाई नव्हती, शालिकरामही नव्हता. सर्वांत खाली डोमाजीचं गाव होतं, आणि त्याखाली दोन नावं, त्यातलं एक त्याचं स्वतःचं.

म्हातारा पडद्याजवळ आला. "पोरी, आमी चार घरं. तरी दोन?"

"तिवशाले दोन, तुमालेबी दोन."

शालिकरामने प्रत्येक गावाखालची नावं बोटाने मोजली. मग म्हणाला, "हे मातर बरोबर हाय." आणि टाळी त्यानेच पहिली वाजवली. पाठोपाठ सगळी खोली वाजली. रागिणीला खरंच नाचावंसं वाटलं. आईकडे पाहायचा धीर मात्र झाला नाही.

संध्याकाळी तिवशाच्या बसमध्ये कंडक्टरने दोन अर्धी तिकिटं फाडली. माणिकबाईने पैशाआधी बातमी दिली.

"आज गाळ्याची सोडत झाली ना भाऊ, ते माह्या पोरीनं काढली. माहं नाव नाई निघालं."

मागच्या सीटवरच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून तिने मान वळवून तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.