आठ पावलं सोडून

बांधावर पहिला खड्डा दिसला तेव्हा इसक्कीमुत्तूला वाटलं, डुकरं असतील. मग दुसरा दिसला, तिसरा दिसला आणि पुढे ते ओळीनेच दिसायला लागले. डुकरं ओळ धरून उकरत नाहीत. कुणीतरी पहार चालवून त्याचे ताड उपसून नेले होते.

तसे ते अजून ताड नव्हतेच म्हणा. गळून पडलेली पिकली फळं वेचून त्यांच्या तीनएकशे बिया त्याने पावसाच्या तोंडावर या तळ्याच्या बांधावर टाकल्या होत्या. आता पोंगल उद्यावर आला होता आणि एकेका बीखाली दीड वितीचा कंद उतरला होता. तो जमिनीत राहिला तर वीस वर्षांनी ताड, काढून उकडला तर सणाचा खाऊ.

घरी येऊन त्याने बायकोवर, वडिवूवर, आवाज चढवला. ती चुलीपुढून हललीही नाही.

"अहो, जमिनीत कंद आणि उद्या सण. लोक काय नुसते बघत बसणार?"

"खायला नव्हते लावले ते."

"हे कंदांना सांगितलं होतंत का?"

काठी घेऊन तो पुन्हा बांधाकडे निघाला.

इसक्कीमुत्तू तीस वर्षं ताडावर चढला होता. त्याच्या छातीवर आणि हातांच्या आतल्या बाजूला झाडाने घासून पडलेले काळे घट्टे अजून होते. मग एका सकाळी तो पडला आणि पाठीने कायमचा अधू झाला. शेताच्या कडेला वडिलांचे नऊ ताड होते. त्यातले दोन वडिलांनी चेल्लकनीला, त्याच्या धाकट्या बहिणीला, लग्नात तोंडी दिले होते. त्यांचे ताडगोळे तिचे, नीरा तिची. पडल्यानंतर इसक्कीमुत्तूला ते नऊ ताड उभे बघवेनात. दुसरा कुणी त्यांच्यावर चढताना तर मुळीच बघवेना. असल्या गोष्टी माणूस कुणाला सांगत नाही. त्याने वीटभट्टीवाल्याला निरोप धाडला आणि दोन दिवसांत नऊच्या नऊ आडवे झाले. तिसऱ्या दिवशी चेल्लकनी पाटी घेऊन ताडगोळे न्यायला आली. तिने बुंधे बघितले आणि पाणीही न पिता ती परत गेली. या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती.

पोंगलला भावाने बहिणीच्या घरी ऊस, हळद, तांदूळ आणि कंदांची जुडी पोचवायची, ही इकडची रीत. इसक्कीमुत्तूने एकही वर्ष चुकवलं नाही. तळ्यापलीकडच्या तिच्या गावी जाऊन तो सगळं ओट्यावर ठेवायचा. त्याची पाठ वळली की ती ते गाईपुढे टाकायची. वडिवू म्हणायची, अख्ख्या तालुक्यात इतकी लाडावलेली गाय दुसरी नसेल.

बिया टाकताना चहाच्या टपरीवर त्याची भरपूर टिंगल झाली होती. या ताडांची नीरा प्यायला तू येणार का रे, असं लोक विचारत. तुमची नातवंडं पितील, असं म्हणून तो पाठ धरून उठायचा. आपल्या हातून गेले त्याहून जास्त उभे राहिले तर बहिणीपुढे कधीतरी मान वर करता येईल, हे मात्र त्याने वडिवूलाही सांगितलं नव्हतं.

बांधावर कुणी बाई वाकून पहार चालवत होती. तो काठी उगारूनच पुढे गेला आणि मध्येच थबकला. ती चेल्लकनी होती. केस पांढरे झाले होते, पण पहार धरायची तीच रीत, आईची.

मागून पेजेचं भांडं घेऊन वडिवू येत होती. चेल्लकनीने तिच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली, जणू बांधावर तिसरं माणूस नव्हतंच.

"वहिनी, तुमच्या यजमानांना सांगा, ताड लावायचा असला तर आठ पावलं सोडून एक बी टाकतात. हा तर पोंगलला खायच्या कंदांचा वाफा झाला. सगळे एकमेकांच्या उरावर बसून मरतील."

इसक्कीमुत्तूने खड्ड्यांकडे नीट बघितलं. तिने सगळे उपसले नव्हते. आठ-आठ पावलांवर एकेक बी जागच्या जागी होती आणि तिच्याभोवती मातीचं आळं केलेलं होतं.

"वडिवू, तिला सांग," तो म्हणाला, "आपल्याकडे झाडासाठी बी कधी कुणी लावलीच नाही. लावली ती खायला. ताड आपोआप यायचे."

"यायचे," चेल्लकनी वडिवूला म्हणाली. "राहू दिले की यायचे."

त्याला खाली बसावंसं वाटलं. बसला तर उठता येणार नाही, म्हणून काठीवर भार देऊन तो तसाच उभा राहिला. मग बांधाच्या न खणलेल्या टोकाकडे जाऊन तो पावलं मोजायला लागला. आठ झाली की तिथल्या बीजवळ काठीने खूण करायची, की पुन्हा आठ. मागून चेल्लकनी खुणेची बी सोडून बाकीच्या काढत येत होती. वडिवू पेज घेऊन कधी हिच्याकडे, कधी त्याच्याकडे जायची, आणि निरोप नसले तरी दोघांशी बोलायची.

उन्हं कलली तेव्हा बांधावर सदतीस बिया राहिल्या होत्या. त्यातल्या फळं देणाऱ्या किती निघतील, हे कळायला या तिघांपैकी कुणीही असणार नव्हतं.

चेल्लकनीने कंदांची मोठी मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि वडिवूला म्हणाली, "त्यांना सांगा, उद्या माझ्याकडे यायची गरज नाही. माझं पोंगलचं मला मिळालं."

आणि ती बांध उतरून गेली.

घरी भिंतीला टेकून ऊस तयार ठेवला होता. याचं काय करायचं, वडिवूने विचारलं. इसक्कीमुत्तू ओट्यावर बसला, गुडघ्यावर ठेवून उसाचे दोन तुकडे केले आणि एक तिच्या हातात दिला.